दोन मिनिटांच्या शांततेतला आवाज

फोन आला तेव्हा शिस्तमास्तरांच्या गालांवर दाढीचा साबण तसाच होता.

"मास्तर, लॅपटॉप उघडा! नाक कापलं गेलं आमचं!" मोठे साहेब ओरडत होते.

इमारतींचे नकाशे काढणाऱ्या त्यांच्या कचेरीत ऑनलाइन मीटिंगमध्ये कसं वागावं हे शिकवायचं काम मास्तरांकडे होतं. माइक कधी बंद ठेवायचा, कॅमेऱ्याकडे कसं बघायचं, घरातला आवाज आत का येता कामा नये. पाठीमागे सगळे हसत. हसण्यासारखंच आहे, असं मास्तरांनाही वाटे.

काल कचेरीतले हिशेबनीस काका वारले होते. आज मीटिंगमध्ये श्रद्धांजली होती. पडद्यावरच्या सगळ्या चौकोनांत माना खाली गेल्या आणि त्या शांततेत एका बाईचा आवाज आला: "मेला तो सुटला!"

मास्तरांनी रेकॉर्डिंग ऐकलं. आधी बारीकशी घंटी, मग ते शब्द, जरा लांबून आल्यासारखे. चौकोन उजळला होता तो कचेरीतल्या नकाशेताईचा. शांतता संपल्याचं तिने सांगायचं होतं, म्हणून तिचा एकटीचाच माइक सुरू होता.

"तिनं कबूलही केलंय," साहेब म्हणाले. "काकांच्या बायकोनं ऐकलं हो ते! आजच घरी बसवतो तिला."

"कबूल केलंय, मग मी कशाला?"

"नियमाप्रमाणे चौकशी नको? उरकून टाका."

नकाशेताई पडद्यावर आली. कानांवर हेडफोन, त्याचा माइक अगदी ओठांशी. मागची खोली धूसर केलेली.

"काकांशी वाकडं होतं तुमचं?"

"छे हो! मला काम त्यांनीच शिकवलं."

"मग असं का बोललात?"

"तोंडातून गेलं. चुकलं माझं."

"नेमकं काय म्हणालात?"

ती अडखळली, मग आवाज उतरवून म्हणाली, "मेले ते सुटले, असं."

तेवढ्यात घंटी वाजली. तिने झटकन माइक बंद केला आणि उठून गेली. परतली तेव्हा एक बाही कोपरापर्यंत ओली होती.

"कोण होतं?"

"कुरिअरवाला."

मास्तरांना स्वतःच्या अकलेचा भरवसा कधीच नव्हता. पण व्याकरण तेवढं पक्कं होतं.

"ताई, तो आवाज तुमचा नाही."

तिने चटकन मागे वळून बघितलं.

"तुमचा माइक ओठांशी आहे, तुमचा श्वाससुद्धा ऐकू येतो. तो आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकाचा होता. घंटीही दाराची नाही. कुरिअरवाला कुणाची बाही भिजवून जात नाही. ती उशाशी ठेवलेली घंटी आहे. आणि खोटी कबुली देतानासुद्धा तुमच्या तोंडून काकांना 'ते'च आलं. रेकॉर्डिंगमध्ये 'तो' आहे. काकांना 'तो' म्हणणारी बाई त्यांच्याहून मोठी असणार. आवाजही तुमच्यासारखाच. आई ना? अंथरुणावर?"

पडद्याच्या कडेला अक्षरं उमटली: 'लिहूनच सांगते. माझं बोलणं तिला ऐकू जातं.'

मग: 'ती काकांबद्दल बोललीच नाही. खिडकीत एखादा पक्षी मेला तरी तेच म्हणते. स्वतःबद्दल बोलते ती.'

"मी साहेबांना खरं सांगतो. माणूसच आहेत तेही."

'ते खात्री करायला घरी फोन करतील. आपल्यामुळे लेकीची नोकरी गेली हे तिला कळलं तर? उशीखाली गोळ्या साठवते ती. मी रोज काढून घेते.'

"पण नोकरी वाचेल की!"

'घरातला आवाज आत आला, मास्तर. नियम तुमचाच आहे.'

मास्तरांनी माइक बंद करून साहेबांना फोन लावला. "साहेब, समजा, घरातलं दुसरंच कुणी बोललं असेल तर?"

"मग तर आणखीच वाईट! उद्या ग्राहकासमोर घरचा बाजार भरेल. एकूण एकच, ती बाहेर. बोला, कोण बोललं?"

पडद्यावर नकाशेताई त्यांच्या ओठांकडे बघत होती.

"तीच बोलली," मास्तर म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी 'सांगितलं नाही' अशी नुसती मान हलवली. तिने हात जोडले. हे उपकार म्हणायचे की काय म्हणायचं, ते मास्तरांना कळेना.

घंटी वाजली. या वेळी माइक बंद करायचं तिला सुचलं नाही.

"कुणाशी बोलतेस गं?" मागून आवाज आला. अगदी तिचाच, फक्त म्हातारा.

"मीटिंग आहे, आई."

"मग बोल तू बिनघोर. मी मेली गप्प पडून राहते."