समोरचा बर्थ

"डोकं!" ती धक्क्यावरून ओरडली, पण उशीर झाला होता. बोटीच्या मासे साठवायच्या खणातून वर येणारा तो वरच्या तुळईवर दाणकन आपटला.

"हे आधी सांगायचं असतं," डोकं चोळत तो म्हणाला.

"तुळई आधी बघायची असते... आणि ती फळी उलटी ठोकलीय तुम्ही."

सुतारकामातली चूक दिसली की तिला राहवत नसे. वडिलांच्या कारखान्यात ती रंध्याच्या आवाजातच लहानाची मोठी झाली होती. दुसऱ्याच दिवशी ती हत्यारं घेऊन बोटीवर हजर झाली.

आपल्या मामांच्या त्या जुन्या मासेमारीच्या बोटीतून त्याला महासागर पार करायचा होता. लोक म्हणत, पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय. तिलाही आधी तसंच वाटलं. पण तो इंजिनाचा एकेक भाग उघडून, पुसून परत जोडायचा. वाऱ्यांचे नकाशे पसरून पालथा पडायचा, आणि अडलं तर कुणालाही बिनदिक्कत विचारायचा. समोर बसून फळ्या तासता तासता तीही ते नकाशे उलटे वाचायला शिकली. असा माणूस आपण पाहिलाच नव्हता, तिने मनाशी कबूल केलं.

खणाची खोली झाली. तिने झोपायला बर्थ बांधला.

"एवढा अरुंद? कूस कशी बदलू?"

"रुंद केला तर प्रत्येक लाटेबरोबर लोळत जाशील. कूस किनाऱ्यावर येऊन बदल!"

काम संपत आलं तशी ती घासलेलं पुन्हा घासू लागली. काम संपलं की तो जाणार, हे तिला सहन होत नव्हतं. "बोट आहे की आरसा?" वडिलांनी विचारलं. ती लाजून लाल झाली.

मग एका पावसाळी दुपारी तो म्हणाला, "समोर अजून एक बर्थ हवा."

तिचा रंधा थांबला. "सोबत... मिळाली वाटतं?"

"अजून विचारलं नाही. गोड आहे, पण फटकळ फार."

"माप?"

"तुझ्या अंदाजाने कर."

आता तिचा अंदाज रागात होता. ती कोण गोडुली तिच्या डोळ्यांसमोर नाजूक, ठेंगणी उभी राहिली, आणि बर्थही तसाच आखूड झाला.

"झोपून बघ ना," तो म्हणाला.

"मी कशाला?"

"बघ तरी..."

ती धुसफुसत आडवी झाली. पाय फळीला टेकले, गुडघे वर आले. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"म्हणजे — तुला पुरत नाही?"

त्याचा आवाज इतका बारीक झाला होता, की तिला सगळं कळलं. वडील, कारखाना, पायाखालची जमीन... आणि ते उलटे वाचलेले वारे. तिने टाचेने फळी ढकलून पाहिली. तो श्वास रोखून उकिडवा बसला होता.

"पायाकडची फळी काढावी लागेल," ती उठून बसत म्हणाली. "मी पाय आखडून झोपत नाही. आणि बाबांना मी सांगेन, तू मध्ये बोलायचं नाहीस."

तो आनंदाने ताडकन उठला. पण या वेळी त्याच्या डोक्याच्या आणि तुळईच्या मध्ये तिचा तळहात होता.