आठवी काचपट्टी

ती किल्ल्याच्या तटाच्या भेगा तपासायला निघाली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि बंदराकडून धुकं वर चढत होतं. काम नेहमीचंच. भेगेवर आडवी काचपट्टी, दोन्ही टोकांना चुन्याचा गोळा, चुन्यात बोटाने कोरलेली लावल्याची तारीख. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते.

हे तिला भावानेच शिकवलं होतं. भाऊ गवंडी, डावखुरा, म्हणून सगळे त्याला डावराच म्हणत. तीन वर्षांपूर्वी काच तडकल्याचं त्याने घसा फोडून सांगितलं, वरच्यांनी कानाडोळा केला, आणि तटाचा हाच बुरूज कोसळून त्याखाली तो गाडला गेला. आता डागडुजी झाली होती. उद्या तट लोकांना खुला व्हायचा होता आणि पहिलं पाऊल टाकायला त्याच्याच लेकीला बोलावलं होतं. खाली साहेब कागद घेऊन उभे होते. भेगा तपासल्याची हिची सही तेवढी बाकी.

सातही पट्ट्या शाबूत निघाल्या. तिने हुश्श केलं. तेवढ्यात ओल्या चुन्याचा वास आला. महिनाभरात इथे कुणी चुना कालवलाच नव्हता.

वळणापलीकडे आठवी पट्टी होती. तिने न लावलेली. काच मधोमध तडकलेली, चुन्यातले आकडे डावीकडे कललेले. भावाचं ते अक्षर तिने अंधारातही ओळखलं असतं. तारीख उद्याची होती.

घाबरतच तिने बोट लावलं. चुना ओला, गार होता. आणि भिंतीच्या आतून, थापीने ठोकून दगड पोकळ आहे का बघावं तसं... टक्... टक्.

ती धापा टाकत खाली आली.

"साहेब, मी सही करत नाही. आठवी पट्टी तडकलीय."

"आठवी? अहो, यादीत सातच आहेत."

ते तिच्याबरोबर वर आले. वळणापलीकडे नुसती कोरडी भिंत होती. तिने बोट पाहिलं, तेही स्वच्छ.

"नोकरीवर पाणी सोडावं लागेल," साहेब हळूच म्हणाले.

"सोडीन. एकदा कानाडोळा झालाय, तेवढा बास."

तिथूनच तिने फोन लावला. "वहिनी, उद्या पोरीला आणू नकोस."



"अगं, ती सकाळपासून हेच म्हणतेय... बाबा नको म्हणाले म्हणे." वहिनीचा आवाज अगदी खाली गेला. "आणि तिच्या केसांवर ओला चुना लागलाय. डोक्यावरून कुणी हात फिरवावा तसा... डावा हात."