चौकोनी ठिगळ

आमची पहिली भेट झाली तेव्हा तो माझी चादर गुंडाळून स्टुलावर बसला होता. फरशी बसवणारा माणूस, कामावरची एकुलती एक पँट, तीही दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली.

"ताई, जरा लवकर..."

"ताई म्हणालास तर उद्या मिळेल."

त्यानंतर त्याने मला कधी ताई म्हटलं नाही.

तो काम करत होता ती इमारत चढत होती, तोवर तिच्या गेटापाशी माझं शिलाई मशीन जोरात चाललं. लांबलांबून पोटासाठी आलेले सगळे माझ्याकडेच यायचे, मीही तशीच आलेली. त्याचा गुडघा दर आठवड्याला फाटायचा. मुद्दाम घासतो की काय, असं वाटायचं मला... आवडायचंही. मग इमारत पुरी झाली. तो शहराच्या पार टोकाला नव्या कामावर गेला, आणि इथे राहायला आलेल्यांना गेटापाशी मशीन नकोसं झालं. महिनाअखेरीला जागा सोड, असं वॉचमनने मला बजावलं.

तीन आठवड्यांनी तो आला. गुडघ्यावर ठिगळ होतं. फुलाफुलांचं!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "कुणी लावलं?"

"आहे एक जण..." तो गालात हसला. "जीव लावून शिवलंय."

"मग तिच्याकडेच जायचं. इथे कशाला आलास?"

"कोपरे सुटलेत—"

"काढ पँट," म्हणत मी चादर भिरकावली.

टाके उसवताना मी तिच्या नावाने बोटं मोडत होते. गुडघ्याला चौकोनी ठिगळ लावतं का कुणी? पाय वाकला की कोपरे सुटतात, म्हणून आम्ही गोल कापतो. एवढंही कळू नये सटवीला? शेवटचा टाका निघाला आणि खाली पेन्सिलची रेघ दिसली. फरशी लावण्याआधी तो जमिनीवर आखायचा तशीच, नेमकी काटकोनात.

मी त्याच्या हाताकडे पाहिलं. बोटांवर सुई टोचल्याच्या खुणा होत्या.

"तिथे शिवणारं कुणी नाही?"

"आहेत की. दोघी जणी." तो खाली बघत म्हणाला, "पण तुझ्याशिवाय कुणाला द्यावीशी वाटेना... खोली बघितलीय तिथे. खिडकीपाशी तुझं मशीन मावतं, मोजून आलोय. लग्नाचं विचारतोय मी."

डोळे भरून आले माझे. तरी पोटात दुखायचं थांबेना.

"दोघी? दिसायला कशा आहेत?"

"बघितलंच नाही."

फुलांचंच कापड गोल कापून मी ठिगळ पक्कं केलं आणि पँट त्याच्या अंगावर टाकली.

"घाल, आणि मशीनचं ते टोक धर. त्या दोघींच्या समोरच बसायचंय मला."