हायाशींची बरणी

"तुला मुलीसारखं वागवलं, आणि तू माझीच बरणी चोरलीस?" हायाशी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मी नाही चोरली. किती वेळा सांगू?" सानिकाने एप्रन काउंटरवर आपटला.

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या एका गल्लीतलं हायाशींचं सुशीचं दुकान पार जुनं. लोक सुशीइतकेच तिथल्या लोणच्यासाठी यायचे. तांदळाच्या ओल्या कोंड्यात काकडी, मुळा पुरून आंबवायचा. कोंडा दुकान उघडलं तेव्हापासूनचा, विरजणासारखा जिवंत. पुढच्या महिन्यात हायाशी बरणीसकट दुकान सानिकाच्या हाती देणार होते.

आठवड्यापूर्वी बरणीच गायब. काल सकाळी मागच्या दाराशी परत आली. तोंडाला पांढरं फडकं घट्ट बांधलेलं, आत कोंड्यावर बोटभर तेल आणि सडका वास. कुलूप शाबूत होतं. किल्ल्या तिघांकडेच: हायाशी, सानिका आणि मासे कापणारा डेक्लन.

सानिकाने शर्वाणीला बोलावलं. शर्वाणी प्रायव्हेट डिटेक्टिव्ह. सोबत केदार, कायम भुकेला आणि कायम एक पाऊल मागे.

डेक्लनला मेनूथ गावातल्या एका हॉटेलची ऑफर होती, ते त्यानं स्वतःच सांगून टाकलं. सानिकाच्या सुट्टीला कोंड्यात कोपरापर्यंत हात घालून तोच ढवळायचा. एक दिवस हवा दिली नाही तर कोंडा रुसतो म्हणाला, लहान मुलासारखा.

"हाच," केदार बाहेर येऊन म्हणाला.

मग ते सानिकाच्या घरी गेले. तिचा नवरा अभिजित जवळच रिंगास्किडीला औषधांच्या कंपनीत होता; आता दूर स्लायगोला नोकरी मिळाली होती. सानिका येत नाही म्हणून जरा नाराज आहे, एवढंच म्हणाला. त्यानं वरणभात वाढला. केदारने लोणच्यात चमचा घातला.

"अहो, ओला चमचा नको. आईने पाठवलंय, वर्षभर पुरवायचंय." अभिजितने चमचा पुसून दिला. वरच्या तेलातून फोड शोधायला केदारला बराच वेळ लागला. मग अभिजितने बरणीला परत फडकं बांधलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद असताना शर्वाणीने सगळ्यांना काउंटरपाशी बसवलं. हायाशींसाठी ती इंग्रजीत बोलत होती.

"चोराला कोंडा मारायचा नव्हता. तसं असतं तर बरणी फेकूनच दिली असती. त्यानं तेल ओतलं, फडकं बांधलं, आत हात घातला नाही. जिवापाड जपली."

"मग मेला कसा?" केदारने विचारलं.

"त्या जपण्यानेच मेला. ह्याला रोज हात लागतो, हवा लागते. सानिकाला माहितीये, डेक्लनलाही. चोराला नव्हतं. त्याच्या घरी लोणचं असंच टिकवतात. आणि सानिकाची किल्ली त्याला घरातच मिळत होती. केदार, काल तू कोणाकडे जेवलास?"

केदारने अभिजितकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच.

"परत देणारच होतो ना," अभिजित सानिकाला मराठीत म्हणाला. "यांनी तुला काढलं असतं, आपण स्लायगोला गेलो असतो. एकत्र राहिलो असतो, बास."

"पर्समधून घेतलीस किल्ली?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

हायाशींनी एप्रन उचलून तिच्यापुढे ठेवला. सानिकाने बाही वर केली आणि बरणीत हात घातला, पार तळापर्यंत. मूठभर कोंडा काढून हुंगला. परत हुंगला. तळाच्या कोंड्याला सडका वास नव्हता. मग तो वेगळ्या वाडग्यात ठेवला.

"घराची किल्ली ठेव इथे," ती वर न बघता म्हणाली.

अभिजितने ती काउंटरवर ठेवली.

"मला आता निघायला हवं," तो म्हणाला.