विसावं कडवं

साके ही जपानी तांदळाची दारू बनवायच्या त्या जुन्या कारखान्यात सायो टाकीतला दुपारी चारचा नमुना घ्यायला उतरली, तेव्हा खिडक्या बर्फाने पार झाकल्या होत्या. आत आंबलेल्या तांदळाचा जुना वास होता.

तीन दिवस ती धड झोपली नव्हती. साकेच्या चोथ्यावर जिवाणू पोसायचे, त्यांना विजेचा हलका प्रवाह द्यायचा आणि खनिज तेलातून काढतात ते आम्ल त्यांच्याकडून बनवून घ्यायचं, हे ती दूर देशी शिकली होती. गाव जगवायचं म्हणून परतली होती. पण टाकीतले जिवाणू मरत चालले होते. उद्या सकाळी गावकरी येणार. जिवाणू किती प्रवाह ओढतात ते दाखवणारा काटा शून्यावर दिसला, की कारखाना पाडायचं ठरलं होतं.

काटा शून्याला टेकलेलाच होता. मग हलला. चढला, उतरला, चढला, क्षणभर थांबला. पुन्हा तसंच.

"किनुआजी, हे बघा ना!"

किनुआजीने इथे चाळीस वर्षं तांदूळ धुतले होते. तिने भाताचे गोळे पुढे केले. "आधी खा. उपाशी राहायची पदवी घेतलीस का गं तिकडे?" मग तिची नजर काट्यावर गेली. "हा ठेका... तोकुझो-सानच्या गाण्याचा."

पूर्वी इथे घड्याळ नव्हतं. गाण्याची वीस कडवी होईतो टाकी ढवळायची. ढवळणाऱ्यांचा म्होरक्या तोकुझो एकोणिसाव्या कडव्याला याच टाकीत पडला आणि आंबवणाच्या वायूने गुदमरला.

किनुआजी ओठांतल्या ओठांत कडवी मोजू लागली. सतरा... अठरा... एकोणीस. काटा थबकला आणि घसरू लागला.

"नको... आता नको," सायो पुटपुटली. गाणं गावातल्या प्रत्येकाला पाठ होतं. थकल्या आवाजात तिने विसावं कडवं म्हटलं.

"पोरी, गप!"

उशीर झाला होता. काटा कधी नव्हे इतका चढला आणि स्थिर झाला.

"वाचली, आजी! टाकी वाचली!"

"वाचली..." किनुआजी मागे सरकली. "विसावं कडवं ढवळणारा म्हणत नाही गं. पुढच्या पाळीचा म्हणतो. म्हटलं की ढवळायची काठी त्याच्या हाती."

"दमलेय हो मी. जरा पडते."

सायो जिन्याशी पोचली, तोच मागे काटा घसरला. ती उभ्या जागी गुणगुणली. काटा चढला.

"फक्त सकाळपर्यंत," ती म्हणाली आणि पहिल्या कडव्यापासून सुरुवात केली.

किनुआजीने जवळ जाऊन पाहिलं. सायोच्या हातात काहीच नव्हतं. तरी जाड दांडा धरावा तशा तिच्या मुठी वळल्या होत्या, आणि तळव्यांवर ताजे फोड आले होते.