बंद दुकानातली घुर्रर्र

“ऐकलंस? घुर्रर्र!” भोपळ्यानं ताईचा दंड इतका घट्ट धरला, की ती कळवळलीच.

सुट्टीला आलेली, घरात भोपळा आणि खारूताई म्हणवली जाणारी ही दोघं भावंडं आत्याच्या सीडी-दुरुस्तीच्या दुकानाच्या दाराला कान लावून उभी होती. जेवणाची वेळ, दुकान बंद, आत्या घरी. मग आत सीडी घासायचं यंत्र चालवतंय कोण?

“भू... भूत!”

“भूत सीड्या घासतं होय रे, वेड्या?” खारूताई म्हणाली खरी, पण तिनंही दारावरचा कान झटकन काढला.

आठवडाभर विचित्रच चाललं होतं. चरे घालवायला आलेल्या सीड्या यंत्रातून नवेच चरे घेऊन बाहेर पडत होत्या! आणि आज आत्या गाण्याच्या बाईंची सीडी यंत्रात लावणार होती. बाईंच्या आईचा आवाज जगात तेवढ्या एका सीडीवर उरला होता.

आत्यानं दिलेली किल्ली खारूताईनं फिरवली. आत काहीतरी धडपडलं. मागचं दार धाडकन आपटलं!

आत कुणीच नाही. यंत्राची स्पंज लावलेली चकती मात्र अजून गरगरत होती. ती थांबल्यावर खारूताईनं स्पंज चाचपला. टच्च! वाळूचा कण रुतलेला. बोटाला काळं लागलं. तिनं हुंगलं.

“अरे, हे तर बूटपॉलिश!”

आत्याला सांगायला दोघं धूम घरी पळाली. घरी फक्त आतोबा, घाम पुसत बसलेले. पायात आरशासारखे बूट!

“आतोबा, काय चमकतायत हो! भोपळ्यालाही शिकवा ना!”

आतोबा फुलले. “सोप्पंय! हात कशाला दुखवायचे? त्या फिरत्या स्पंजवर धरायचे, की दोन मिनिटांत...” त्यांनी जीभ चावली.

“आत्या कुठाय?”

“बाई लवकर आल्या, म्हणून मागच्या वाटेनं दुकानात गेली.”

“बाईंची सीडी!” खारूताई ओरडली. ती तशीच दुकानाकडे पळाली. काचेतून दिसलं, सीडी यंत्रात, आत्याचं बोट बटणावर!

“आत्याऽऽ, थांब!”

बोट थबकलं.

खारूताईनं स्पंजातला कण दाखवला, आतोबांच्या बुटांचं गुपित सांगितलं. मग नवा स्पंज बसला. यंत्र घुरघुरलं. सीडी संगणकात गेली. खरखर... नुसती खरखर. आत्यानं आवाज वाढवला. आणि अचानक एक करडा आवाज कडाडला, “घाबरतेस काय? पुन्हा म्हण!”

भोपळा उडालाच! बाई मात्र हसता हसता रडू लागल्या. “आईच! अशीच ओरडायची!”

“पोरांनो, वाचवलंत रे मला,” आत्यानं दोघांना कुशीत ओढलं. मग मागोमाग येऊन दारात उभ्या राहिलेल्या आतोबांकडे पाहून ती गरजली, “आणि तुम्ही! उद्यापासून चपला घाला!”