टेनाला कुठं पुरलं?

ही गोष्ट खरी आहे. मार्लिस बेरेंड्स आमच्या समोरच्याच घरात राहते, इथं आयोवात. खोटं वाटत असेल तर तिलाच विचारा.

फक्त जेवायच्या वेळी विचारू नका.

गेल्या नोव्हेंबरातला शनिवार होता तो. मका कापून झाला होता, शेतं उघडीबोडकी पडली होती.

मार्लिस शाळेची बस चालवते. आई गेली तेव्हापासून तिला घराण्याची मुळं शोधायचा नाद लागला होता. एकेक करत सगळ्यांच्या कबरी सापडल्या. पणजोबा हार्म सापडला, त्याच्याशेजारी त्याची दुसरी बायको गेशे सापडली.

पण पहिली बायको टेना... मार्लिसची सख्खी पणजी... कुठंच नव्हती.

आमच्या दफनभूमीत नाही. शेजारच्या गावांतही नाही.

साधी शेतकरीण होती ती. पोरं जन्माला घातली, गाईंच्या धारा काढल्या, मेली. तिच्या नावाचा एक दगड उभा करावा, एवढंच मार्लिसच्या मनात होतं.

म्हणून त्या सकाळी ती वृद्धाश्रमात आल्विना आत्याकडे गेली. आत्यानं नव्वदी ओलांडली होती, पण जीभ अजून धारदार.

"आत्या, टेनाला कुठं पुरलं गं?"

"मेलेल्यांना उकरून काय मिळणारे तुला? घरी जा, नातवंडं खेळव."

"तुला माहितीये. तोंडावर दिसतंय तुझ्या."



"ऐन थंडीत मेली ती," आत्या म्हणाली. "जमीन नुसती लोखंड झालेली. कुदळ मारली की उडायची. म्हणून बर्फ वितळेपर्यंत तिला धुराच्या खोलीत ठेवली. डुकराच्या मांड्या धुरावर टांगायचे ना, तिथं."

"आणि मग?"

"त्या खोलीचं दार नीट लागायचं नाही."

मार्लिसला कळेना.

"डुकरं मोकळी असायची गं आवारात. आणि त्या साली चारा कमी होता."

"मग... त्या डुकरांचं काय केलं?"

"काय करणार? चांगली पोसलेली जनावरं, फेकून द्यायची? हार्मला काही वाया गेलेलं खपायचं नाही. वसंतात त्याचं गेशेशी लग्न लागलं, तेव्हा कापली."

"लग्नात वाढली?"

"माझे वडील तेव्हा एवढेसे होते. टेनाचाच मुलगा. पुन्हा मागून घेतलं म्हणे त्यांनी."

आणि आत्या हसली. दात नसलेल्या हिरड्या दाखवत, खुदकन हसली.

मार्लिस तिथून थेट शेतावर गेली. शेत आता तिचा चुलतभाऊ डुएन कसतो.

"ती खोली?" डुएन म्हणाला. "ताई, मी तर तिच्यात फावडंसुद्धा ठेवत नाही. कितीही कड्या घाल, दार आपलं उघडंच."

"चल, दाखव."

भर दुपार होती. ऊन लख्ख पडलं होतं.

डुएनचा कुत्रा कोठारापर्यंत आला... आणि तिथंच बसला. पुढं येईना.

दार उघडंच होतं.

मार्लिस आत गेली. भिंती काळ्याकुट्ट. वर गंजलेले आकडे. कितीतरी वर्षांत तिथं काही टांगलं नव्हतं.

तरी आत ऊब होती.

अंगाची ऊब असते ना... तशी.

तिनं भिंतीला हात टेकला. हात बुळबुळला. चरबी होती. ताजी, कोमट, बोटांवरून मनगटाकडं ओघळणारी.

आणि मग आवाज आला...

चावण्याचा.

भिंतीपलीकडून. सावकाश, मचमच करत. मध्येच हाड कडकन फुटल्यासारखा. मग पुन्हा मचमच.

"डुएन, डुकरं आहेत का रे तुझ्याकडे?"

"बाबा गेल्यावर एकही पाळलं नाही."

त्यालाही ते ऐकू येत होतं.

चावणं थांबलं. एकदम.

मग मार्लिसच्या कानाशी कुणीतरी बोललं. बाईचा दमलेला आवाज. घरातली म्हातारी माणसं बोलायची त्या जुन्या जर्मन बोलीत.

"दार लाव गं, बाळा..."

डुएननं तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. ती कुंपणापाशी वाकली आणि भडाभडा ओकली. सकाळपासून फक्त कॉफी घेतली होती तिनं.

पण कॉफी नाही पडली.

चरबीचा पांढरा गोळा पडला. त्याला गुंडाळलेला एक लांब, पिवळसर केस.

मार्लिसचे केस आखूड आहेत. पांढरे.

पुढच्या आठवड्यात डुएननं ती खोली पाडली. मार्लिसनं आतली माती एका पेटीत भरली. पाळकांनी फार प्रश्न विचारले नाहीत. पेटी पुरली, वर टेनाच्या नावाचा दगड बसवला.

"हार्मच्या शेजारी जागा होती की गं," डुएन म्हणाला.

"त्या माणसापासून जितकी लांब मिळेल तितकी हवी होती मला," मार्लिस म्हणाली.

तिला वाटलं, आता संपलं.

पहिल्याच रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. पाळकांनी भाकर मोडली आणि नेहमीसारखं म्हणाले, "घ्या, खा, हे माझं शरीर आहे."

मार्लिस तोंडावर हात दाबून बाहेर पळाली. ती अजून चर्चमध्ये परत गेलेली नाही. मांस तर ती खातच नाही, कुणी समोर बसून काही चावत असलं तरी तिला उठावं लागतं. तिच्या नवऱ्याला आता परसात जेवावं लागतं.

गावात लोक तिच्यावर हसतात. मी नाही हसत.

मी माझ्या आईला विचारलं होतं, हार्म आणि गेशेच्या त्या लग्नाला कोण कोण होतं.

"कोण म्हणजे?" आई म्हणाली. "अख्खं गाव जेवलं होतं. आपलं घरही."